‘सोमवारी पाठवतो’ : एका निर्यातीच्या पत्रातला स्पॅनिश भविष्यकाळ

वाचण्याआधी लिपीबद्दल एक खुलासा. या लेखात स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत. स्पॅनिश लिहिताना स्वरावर जी तिरकी रेघ देतात, ती इथे ऽ या खुणेने दाखवली आहे. म्हणजे ‘देस्पाचाराऽ’ या शब्दात शेवटच्या ‘आ’वर रेघ आहे आणि ‘देस्पाचारा’ या शब्दात नाही. या प्रकरणात त्या एवढ्याशा रेघेला फार महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक लहान कारखाना आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे गावाचं नाव सांगितलं की गिऱ्हाइकाला मालाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. या कारखान्याचा माल पूर्वी मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत बाहेर जायचा. मग दक्षिण अमेरिकेतला एक घाऊक खरेदीदार थेट मिळाला. पहिली मोठी ऑर्डर 12,000 टॉवेलची होती : 70 बाय 140 सेंटिमीटर, 450 जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला 450 ग्रॅम वजन), एका खोक्यात 60 नग, एकूण 200 खोकी. तीस टक्के रक्कम आगाऊ आणि उरलेली सत्तर टक्के बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत मिळाल्यावर, असं ठरलं होतं.

खरेदीदाराच्या कचेरीत इंग्रजी जेमतेम होतं. म्हणून कारखान्यात हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या तरुण कर्मचारी बाईंनी, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, पुण्याहून ऑनलाइन शिकवणाऱ्या एका शिक्षिकेकडे स्पॅनिश सुरू केलं. सहा महिन्यांत वर्तमानकाळ झाला आणि साधा भूतकाळ झाला. भविष्यकाळ पुढच्या पातळीवर होता. मॅडमच्या घरी तेलुगू, शाळा मराठी, बाजारात हिंदी. अशा माणसाला चौथी भाषा जड जात नाही, आणि त्यांनाही ती गेली नाही.

काय घडलं

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते. त्या आठवड्यात कामगार सुट्टीवर, शिलाई आणि पॅकिंग निम्म्यावर. माल 12 तारखेच्या सोमवारी निघायचा होता, तो 19 तारखेच्या सोमवारवर गेला. शुक्रवारी, 16 तारखेला, शेठ म्हणाले, “मॅडम, त्यांना कळवून टाका, सोमवारी माल पाठवतो म्हणून.”

मॅडमनी कळवलं : ‘देस्पाचामोस एल लोते एल लुनेस.’

त्यांच्या मनात होतं, ‘आम्ही लॉट सोमवारी पाठवतो.’ शब्द सगळे बरोबर, क्रियापदाला प्रत्ययही बरोबर. शनिवारी सकाळी उत्तर आलेलं होतं : छान, सोमवारी माल निघाला हे गोदामाला कळवलं आहे, आता बिल ऑफ लेडिंगचा क्रमांक आणि जहाजाचं नाव द्या, म्हणजे हिशेब विभाग उरलेल्या पैशाची तयारी करेल.

माल त्या क्षणी कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये होता. दीडशे खोकी बांधून तयार, पन्नास बाकी.

नेमकं कुठे बिघडलं

इथे व्याकरणाची चूक नव्हती, म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखं आहे. ‘आर’ने संपणाऱ्या नियमित क्रियापदांचं ‘आम्ही’चं रूप वर्तमानात आणि साध्या भूतकाळात अगदी एकच असतं. देस्पाचामोस म्हणजे ‘आम्ही पाठवतो’ आणि देस्पाचामोस म्हणजेच ‘आम्ही पाठवलं’. ‘इर’ने संपणाऱ्यांचंही तसंच : रेसिबिमोस म्हणजे ‘आम्हाला मिळतं’ आणि ‘आम्हाला मिळालं’ही. फक्त ‘एर’वाल्यांत फरक दिसतो, बेन्देमोस म्हणजे विकतो, बेन्दिमोस म्हणजे विकलं.

अशा वेळी वाचणारा काळ ठरवतो तो बाकीच्या वाक्यावरून. पण ‘एल लुनेस’ म्हणजे नुसतं ‘सोमवारी’. गेल्या की येत्या, ते त्यात नाही. खरेदीदाराच्या टिपणात माल 12 तारखेला निघणार असं होतं, 12 तारीख सोमवारच होती, आणि पत्र शुक्रवारी आलं. त्याने भूतकाळ वाचला. त्याच्या जागी कोणीही तेच वाचलं असतं.

आता मराठीकडे पाहा. ‘उद्या येतो’, ‘सोमवारी पाठवतो’, ‘संध्याकाळी फोन करते’ या वाक्यांत काळ वर्तमान आहे आणि अर्थ भविष्याचा. जवळचं आणि पक्कं काम आपण याच काळात सांगतो. उलट ‘पाठवू’ म्हटलं की त्यात थोडं ‘बघू’ मिसळल्यासारखं वाटतं. मॅडमच्या घरच्या तेलुगूतही ‘पंपिस्तानु’ हे एकच रूप ‘नेहमी पाठवते’ आणि ‘पाठवीन’ दोन्हींसाठी चालतं. दोन्ही बाजूंनी सवय एकाच दिशेची. स्पॅनिशमध्येही वर्तमानकाळ जवळच्या भविष्यासाठी वापरतात, त्यामुळे ‘असं लिहू नका’ एवढं सांगून भागत नाही. ‘आम्ही’च्या रूपाला तारखेचा आधार नसेल तर लिहू नका, हे नेमकं सांगायला हवं.

समोर असलेले पर्याय

शनिवारीच शेठ, मॅडम आणि फोनवर शिक्षिका असे तिघं बसले. शेठचा पहिला विचार असा की टायपिंगची चूक म्हणून कळवावं आणि यापुढे इंग्रजीत लिहावं. इंग्रजीचा पर्याय लगेच बाजूला पडला. आधीची इंग्रजी पत्रं तिकडे मशीनमध्ये घालून वाचली जात होती आणि प्रत्येक शंकेला दोन दिवस जात होते.

मराठीतून मशीनने भाषांतर करून घ्यावं, हा दुसरा विचार. तो करून पाहण्याआधीच शिक्षिकेने प्रश्न विचारला : मशीनला तुम्ही काय देणार? ‘सोमवारी पाठवतो’. तिथे संदिग्धता मराठीतच आहे, ती पलीकडे जशीच्या तशी उतरू शकते.

तिसरा पर्याय खरोखर चांगला होता. बोलण्यातल्या स्पॅनिशमध्ये भविष्य सांगायला ‘जाणे’ या क्रियापदाचा वर्तमान, मग ‘आ’ आणि मूळ क्रियापद अशी रचना सर्रास चालते : ‘बामोस आ देस्पाचार’, आम्ही पाठवणार आहोत. लॅटिन अमेरिकेत तर बोलताना हीच जास्त ऐकू येते. एका क्रियापदाची रूपं पाठ केली की काम होतं आणि भूतकाळाशी गोंधळ होत नाही. पण करारातल्या अटी, पुरवठ्याची हमी, हप्त्यांची पत्रं यांत प्रत्यय लावलेला भविष्यकाळ येतो. खरेदीदाराच्या खरेदी-आदेशात ‘एन्त्रेगाराऽ’ (माल पोचता करेल) आणि ‘पागाराऽ’ (पैसे देईल) होतेच. ते वाचता आले नाहीत तर पुढची चूक लिहिताना न होता वाचताना होणार.

ठरलं ते असं : फोनवर ‘बामोस आ’, पत्रात प्रत्ययाचा भविष्यकाळ, आणि दोन्हीकडे तारीख आकड्यात.

काय केलं

त्याच दुपारी दुरुस्तीचं पत्र गेलं. टायपिंगची चूक वगैरे काही न लिहिता सरळ लिहिलं : ‘एल लोते नो आ सालिदो तोदाबिऽआ. देस्पाचारेमोस एल लोते एल लुनेस 19 दे एनेरो. ले एन्बिआरेमोस ला कोपिआ देल कोनोसिमिएन्तो दे एम्बार्के.’ लॉट अजून निघालेला नाही. सोमवारी, 19 जानेवारीला पाठवू. बिल ऑफ लेडिंगची प्रत तुम्हाला पाठवू. हा निर्णय शेठला पटायला वेळ लागला, पण खरी स्थिती पहिल्याच वाक्यात आल्यामुळे पुढची दोन वाक्यं विश्वासाने वाचली गेली.

मग पंचेचाळीस मिनिटांचे चार तास ठरले. पहिल्या तासात एकच क्रियापद घेतलं, देस्पाचार. रूपं ही :

मी पाठवीन : देस्पाचारेऽ
तू पाठवशील : देस्पाचाराऽस
तो, ती पाठवेल : देस्पाचाराऽ
आम्ही पाठवू : देस्पाचारेमोस
ते, त्या पाठवतील : देस्पाचाराऽन

स्पेनमध्ये ‘तुम्ही सगळे’साठी आणखी एक रूप आहे, देस्पाचारेऽइस. लॅटिन अमेरिकेत त्या जागी ‘ते’चंच रूप येतं, म्हणून ते ओळखण्यापुरतं ठेवलं. अर्जेंटिनासारख्या देशांत ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात आणि वर्तमानात त्याची रूपं वेगळी असतात. भविष्यकाळात मात्र बोसलाही देस्पाचाराऽसच.

मराठी माणसाला यात एक मोठी सोय आहे. ‘पाठवतो, पाठवते’ यांत लिंग दिसतं, ‘पाठवीन’मध्ये दिसत नाही. स्पॅनिशही तसंच. हिंदीतून विचार करणारा ‘भेजूँगा की भेजूँगी’ शोधत बसतो, मराठीतून विचार करणाऱ्याला ते करावं लागत नाही.

पण मराठीचीच एक सवय इथे आडवी आली. पहिल्या तासाच्या गृहपाठात मॅडमनी ‘मी पाठवीन’साठी लिहिलं ‘देस्पाचेऽ’ आणि ‘आम्ही पाठवू’साठी ‘देस्पाचेमोस’. कारण उघड आहे. ‘पाठवणे’मधला ‘णे’ काढायचा आणि प्रत्यय लावायचा, ही आपली रीत. स्पॅनिशच्या वर्तमानकाळातही ‘आर’ काढूनच प्रत्यय लागतो आणि तेच सहा महिने घोटलं होतं. भविष्यकाळात मात्र काहीच काढायचं नाही. अख्ख्या क्रियापदाला प्रत्यय लागतो. आणि काढलं तर निरर्थक शब्द तयार होत नाही, दुसराच अर्थ तयार होतो : देस्पाचेऽ म्हणजे ‘मी पाठवलं’. पुन्हा भूतकाळ! देस्पाचेमोस म्हणजे ‘चला, पाठवूया’. ज्या चुकीमुळे हे सगळं सुरू झालं, तीच चूक दुसऱ्या दाराने आत येत होती.

हे सोडवायला प्रत्ययांचा इतिहास कामी आला. स्पॅनिशमधला हा काळ लॅटिनमधल्या ‘क्रियापद अधिक जवळ असणे’ या जोडीतून आला आहे. ‘आबेर’ या सहायक क्रियापदाची वर्तमानातली रूपं आहेत ए, आस, आ, एमोस, आन. लिहिताना त्यांच्या सुरुवातीला ‘ह’चं अक्षर असतं, पण स्पॅनिशमध्ये ते उच्चारत नाहीत. देस्पाचार अधिक ए, देस्पाचारेऽ. जणू ‘पाठवायचं आहे मला’. आधी ‘पाठवायचं’ पूर्ण म्हणायचं, मग ‘आहे’ जोडायचं, हे एकदा कळल्यावर मॅडमनी ‘आर’ पुन्हा कापला नाही.

दुसऱ्या तासाला ‘एर’ आणि ‘इर’ची क्रियापदं घेतली. प्रत्यय तिन्ही गटांना एकच, म्हणून हा भाग पटकन होईल असं वाटलं होतं. झालं उलटं. ‘रेसिबिर’चं ‘रेसिबारेमोस’ झालं, कारण जिभेवर ‘आरेमोस’ बसलं होतं. प्रत्ययाआधीचा स्वर क्रियापदाचा स्वतःचा असतो : देस्पाचारेमोस, बेन्देरेमोस, रेसिबिरेमोस. म्हणून प्रत्यय पाठ करताना ‘आरेऽ, आराऽस’ असे करू नयेत. नुसते ‘एऽ, आऽस, आऽ’ करावेत.

तिसरा तास रेघेचा. मराठीत शब्दातल्या एखाद्या अक्षरावर जोर दिला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे ही गोष्ट कानाला जाणवतच नाही. नियम एका ओळीत बसतो : मूळ क्रियापदाच्या शेवटच्या ‘र’ला जोडून जो स्वर येतो, जोर नेहमी त्याच्यावर. रेऽ, राऽस, राऽ, रेमोस, राऽन. रेमोसमध्येही जोर ‘रे’वरच आहे, तिथे रेघ नाही कारण स्वर, न किंवा स यांनी संपणाऱ्या शब्दात उपान्त्य अक्षरावर जोर हा स्पॅनिशचा नेहमीचा नियमच आहे आणि नेहमीच्या गोष्टीला खूण लागत नाही. टेबलावर बोटाने ताल धरून, ‘र’ आला की जोरात थाप, असं वीस मिनिटं केलं.

रेघ सुटली तर काय होतं, हे ‘पागार’वर दाखवलं. पागार म्हणजे पैसे चुकते करणे. आपला ‘पगार’ पोर्तुगीजमधल्या याच क्रियापदातून आला आहे, त्यामुळे शब्द पाठ करावा लागला नाही. पागाराऽ म्हणजे ‘तो देईल’. रेघ नसलेलं पागारा म्हणजे ‘त्याने दिले असते तर’ या जातीचं संकेतार्थी रूप. पागारेऽ म्हणजे ‘मी देईन’. आणि तेच नाम म्हणून वापरलं की ‘एल पागारेऽ’ म्हणजे वचनचिठ्ठी. ‘मी देईन’ हे वाक्यच दस्तऐवजाचं नाव होऊन बसलं आहे. हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला हा शब्द आयुष्यभर विसरता येणार नाही.

अडचण ज्ञानाची कमी आणि कीबोर्डची जास्त होती. कचेरीतल्या कीबोर्डवर रेघेची अक्षरं नाहीत म्हणून मॅडम ती सोडूनच देत होत्या. उपाय साधा आहे. आल्ट दाबून धरून उजवीकडच्या आकड्यांवर 130 टाइप केलं की रेघेचा ‘ए’ येतो, 160 केलं की रेघेचा ‘आ’. भविष्यकाळाला हे दोनच पुरतात. नंबर पॅड नसलेल्या लॅपटॉपवर इंटरनॅशनल कीबोर्ड निवडला की आधी ऊर्ध्व स्वल्पविराम आणि मग स्वर दाबायचा. मोबाइलवर अक्षर दाबून धरायचं.

चौथ्या तासात पत्रं लिहिली आणि दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली आदराची. ‘तुम्ही पाठवाल’ म्हणताना मराठी माणूस अनेकवचनी रूप शोधतो. स्पॅनिश ‘उस्तेद’ आदरार्थी आहे, पण त्याला ‘तो’चं रूप लागतं : उस्तेद पागाराऽ. शिवाय ‘उस्तेद पागाराऽ एल मार्तेस’, ‘तुम्ही मंगळवारी पैसे द्याल’, हे दोन्ही भाषांत हुकूम वाटतं. तिथे ‘आग्रादेसेरेमोस सु कोन्फिर्मासिओऽन’, आपण कळवल्यास आभारी राहू, ही रूढ व्यापारी रचना घेतली. आग्रादेसेर वर्तमानात अनियमित आहे, भविष्यात सरळ.

दुसरी गोष्ट ‘तर’ आणि ‘तेव्हा’ची. ‘कागद आले तर’ यात मराठीला भूतकाळ चालतो, स्पॅनिशमध्ये ‘सि’नंतर वर्तमान लागतो. ‘माल पोचेल तेव्हा कळवू’ यात मराठी दोन्हीकडे भविष्य वापरते. स्पॅनिशमध्ये भावी गोष्टीबद्दल ‘क्वान्दो’ आला की भविष्यकाळ चालत नाही, ‘येगे’ हे संशयार्थी रूप लागतं : ‘क्वान्दो येगे एल लोते, कोन्फिर्मारेमोस’. सगळा नियम शिकवत न बसता हे एक वाक्य साचा म्हणून पाठ करून घेतलं.

अनियमित क्रियापदांची भीती त्यामानाने खोटी ठरली. भविष्यकाळात मूळ रूप बदलणारी नेहमीच्या वापरातली क्रियापदं बाराच आहेत आणि त्यांनाही प्रत्यय हेच. वर्तमानात छळणारी असणे, जाणे यांसारखी क्रियापदं इथे पूर्ण नियमित : सेरेऽ, एस्तारेऽ, इरेऽ. ‘जहाज निघेल’साठी सालिर घेतलं तर ‘साल्द्राऽ’ होतं. जहाजासाठीच असलेलं सार्पार घेतलं की ‘सार्पाराऽ’, सरळ.

परिणाम

माल 19 तारखेला संध्याकाळी ट्रकवर चढला, न्हावा शेवाला गेला, आणि जहाजावर चढल्यावर मिळालेल्या बिल ऑफ लेडिंगची प्रत खरेदीदाराला गेली. उरलेले पैसे ठरल्याप्रमाणे आले. पण मधले काही दिवस खरेदीदाराने रोज स्थिती विचारली, कारण त्याने आपल्या गोदामाला चुकीची तारीख देऊन ठेवली होती. शेठना त्यातला प्रत्येक मेल बोचला.

पुढच्या ऑर्डरच्या पत्रव्यवहारात काळाचा गोंधळ झाला नाही. मॅडमची रेघ मात्र घाईत अजूनही सुटते, विशेषतः मोबाइलवरून लिहिताना. एक अनपेक्षित फायदा वाचनात झाला. खरेदीदाराच्या माणसाने ‘एल हेरेन्ते एस्ताराऽ एन एल आल्मासेऽन’ असं लिहिलं, तेव्हा मॅडमनी ते ‘मॅनेजर गोदामात असतील’ असंच वाचलं, अंदाज म्हणून. ‘असेल’ने अंदाज सांगण्याची मराठीची रीत स्पॅनिशमध्ये जशीच्या तशी आहे. हे कोणी शिकवलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा अभ्यासक्रमाचा. नियमित भविष्यकाळाला पाच रूपं, एकच प्रत्ययमाला, बारा अपवाद. साध्या भूतकाळापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. कामासाठी भाषा शिकणाऱ्याला तो आधी द्यायला हवा होता. निर्यातीच्या पत्रात झालेल्या गोष्टींपेक्षा होणाऱ्या गोष्टी जास्त असतात. शिक्षिकेनेही हे मान्य केलं.

दुसरा, तारखेचा. शुक्रवारच्या पत्रात ‘लुनेस’पुढे फक्त ‘19’ असतं, तर क्रियापद तेच राहूनही काही बिघडलं नसतं. तारीख लिहायला व्याकरण लागत नाही, आणि हे पहिल्या दिवसापासून सांगता आलं असतं.

तिसरा शब्दाचा. देस्पाचार म्हणजे रवाना करणे, ते कारखान्यातूनही असू शकतं. एम्बार्कार म्हणजे जहाजावर चढवणे. माल सोमवारी निघाला असं वाचून खरेदीदाराने लगेच जहाजाचं नाव विचारलं, यावरून त्याने दोन्ही एकच धरलं होतं हे दिसतं. पुढच्या पत्रांत मॅडम दोन वाक्यं लिहितात, दोन तारखांसह : कारखान्यातून देस्पाचारेमोस अमुक तारखेला, बंदरात एम्बार्कारेमोस अमुक तारखेला.

शेठनी आता सांगायची पद्धत बदलली आहे. “मॅडम, सोमवारी पाठवतो,” असं तोंडातून आलं की ते स्वतःच थांबतात आणि विचारतात, “किती तारीख येते हो?”